दुनळी आणि वारशाने आलेली मोठ्या बोअरची रायफल: पावसाळ्याआधीची तपासणी, सफाई आणि ठेवण

दसऱ्याला कपाट उघडलं की नळीवर तांबूस ठिपके दिसतात आणि मालक हमखास म्हणतो, "अहो, मिरगाआधी भरपूर तेल लावून ठेवली होती." चूक त्या 'भरपूर तेला'तच आहे. बोटांचा घाम, काडतुसाची काजळी आणि हवेतली ओल आधी काढली नाही, वरून तेल चोपडलं, मग बंदूक चामड्याच्या गवसणीत घालून भिंतीला टेकवली. तेलाखाली ओल अडकली, गवसणीनं ती धरून ठेवली आणि चार महिने गंजाला निवांत मिळाले.

क्रम एवढाच: रिकामी करणं, सोडणं, तपासणं, साफ करणं, कोरडी करणं, मग तेल. तेल सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी.

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पट्ट्यात शत्रू ओल आहे. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे जूनपासून दर पंधरा दिवसांनी बंदूक बाहेर काढावीच लागते. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे धूळ जास्त छळते. जाड तेलावर धूळ बसली की तिचा पॉलिश पेपर होतो. तिकडे तेल आणखी कमी लावायचं.

## १. आधी हद्द ठरवा: घरी काय करायचं, काय नाही

घरी करायचं ते एवढंच: नळी सोडणं, साफ करणं, तेल लावणं, लाकडाची निगा. याच्या पुढचं सगळं, म्हणजे नळी बदलणं, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) वाढवणं, चाप हलका करणं, हे परवानाधारक गनस्मिथचं, म्हणजे बंदुकीच्या कारागिराचं काम. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ खाली शस्त्र बनवायला, बदलायला आणि दुरुस्तीचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो. नळी आखूड करण्याबद्दल कलम ६ आहे. लेथ मशीनवाला ओळखीचा आहे म्हणून त्याच्याकडे नळी द्यायची नसते.

काडतुसं घरी भरण्याचंही तेच. परदेशी व्हिडिओत माणूस गॅरेजमध्ये बसून ३७५ मॅग्नम रायफलची काडतुसं भरताना दिसतो. आपल्याकडच्या बंदुकीच्या परवान्यात ती मुभा नाही. कुणी भरून दिलेली काडतुसं तर हातातही घेऊ नका. आत कोणती दारू किती आहे हे बाहेरून कळत नाही.

वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरचं हत्यार असेल आणि ते हयात नसतील, तर परवाना तुमच्या नावावर होईपर्यंत ते घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, वारस म्हणून अर्ज करा, सफाई नंतर. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी टाकलेला बरा.

इशारा: शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरांनी ऊस लोळवला तरी वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. गवा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

## २. सामान मांडून मगच बंदुकीला हात

- गज: अखंड पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला. तीन तुकडे जोडायचा ॲल्युमिनियमचा गज मऊ असतो, त्यात वाळूचे कण रुततात आणि नळी आतून ओरखडते.
- ब्रॉन्झचा ब्रश, बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीच्या, मापाचा. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर, ३१५ रायफलची ८, ३७५ची साडेनऊ. 'होतंय की' म्हणून मोठा ब्रश रायफलमध्ये कोंबला तर तो मधेच अडकतो.
- जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या चिंध्या. टेरिकॉट तेल पीत नाही.
- बोअर सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रव), गन ऑईल, थोडं ग्रीस, मऊ टूथब्रश, टॉर्च.

मिलिटरी अपशिंग्यापासून आपल्या सातारा जिल्ह्यात घरोघर माजी सैनिक, त्यामुळे 'फुलथ्रू', म्हणजे चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी, सगळ्यांना माहीत. रायफलला तो चालतो, पण दोरी तिरकी ओढली की नळीचं तोंड एका बाजूनं झिजतं आणि नेम तिथूनच बिघडतो. बारा बोअरला मात्र गजच हवा. दोरीवरची चिंधी एवढ्या रुंद नळीला नीट घासत नाही.

काय वापरू नका: खोबरेल तेल (२४ अंशांखाली थिजतं, पाचगणीच्या थंडीत फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाला ठोका देणारी सुई, जाम होते), जवसाचं तेल धातूवर (वाळून वार्निश होतं), भांडी घासायची पावडर, चिंच, तारेची घासणी. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, पण चार महिने टिकायचं संरक्षण म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

## ३. रिकामी करणं आणि सोडणं

१. नळ्या जमिनीकडे किंवा मोकळ्या बाजूला. लिव्हर दाबून बंदूक मोडा, दोन्ही चेंबर डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून पाहा. रायफल असेल तर बोल्ट (मागचा सरकता दांडा) मागे, मॅगझिन रिकामं, चेंबरमध्ये बोट.

२. काडतुसं त्या खोलीतून बाहेर न्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, बाहेर.

३. बंदूक बंद करा. नळ्यांखालचा लाकडी तुकडा, म्हणजे फोरेंड, त्याची खिट्टी दाबून काढा.

४. पुन्हा मोडा आणि नळ्या बिजागरीवरून उचलून घ्या.

नळ्या निघाल्यावर चाप ओढायचा मोह टाळा. बिनघोड्याच्या, म्हणजे घोडे बाहेर न दिसणाऱ्या, बहुतेक दुनळी मोडताना आपोआप ताणल्या जातात. सुटी असताना चाप ओढला की आतले घोडे पडतात आणि मग नळ्या परत बसत नाहीत. लोक मग हातोडी घेतात, आणि खर्च तिथून सुरू होतो.

आतली यंत्रणा उघडू नका. जुन्या विलायती बंदुकीच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते. साधा पेचकस लावला की ती फाटते, आणि फाटलेली खाच शंभर पावलांवरून ओळखू येते.

## ४. तपासणी: सफाईआधीच, नंतर नव्हे

नळी आतून. खिडकीकडे धरून मागच्या बाजूनं पाहा. खिडकीच्या चौकटीची सावली नळीत सरळ रेघेसारखी पडते. नळी हळू फिरवत ती रेघ पुढे सरकवा. कुठे रेघ तुटली किंवा काळं कडं दिसलं, तर तिथे नळी फुगलेली आहे. फुगवटा बोटानंही लागतो. अशी बंदूक गनस्मिथला दाखवल्याशिवाय वापरायची नाही.

नळ्यांची जोडणी. दोन्ही नळ्यांचा जोड खालच्या आकड्यातून बोटावर टांगा आणि लाकडी चमच्यानं हलकेच ठोका. घंटेसारखा लांब नाद आला तर मधल्या पट्टीचा डाग शाबूत. फुटक्या मडक्यासारखा 'बद्द' आवाज आला तर पट्टी सुटली आहे आणि तिच्याखाली पाणी शिरतं.

बिजागरी. फोरेंड काढून, नळ्या बसवून, बंदूक बंद करा आणि दस्ता धरून हलवा. खडखड झाली, किंवा नळ्यांच्या मागे उजेडाची फट दिसली, तर ती 'सैल' झाली आहे.

चेंबरची लांबी. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. जुन्या विलायती बारा बोअरचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसंही मिळतात. आता गंमत अशी की हे ७० मिलिमीटरचं काडतूस जुन्या चेंबरमध्ये अगदी आरामात शिरतं, कारण ही लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या नळकांड्याची असते. न उडालेल्याचं तोंड आत दुमडलेलं, म्हणून ते आखूड. बार झाला की दुमड उघडते, पुढच्या अरुंद भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट चिंचोळी होते आणि दाब भलताच वाढतो. शिरलं म्हणजे चाललं, असं इथे धरायचं नाही. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर चेंबरची लांबी बहुधा कोरलेली असते. ती आणि काडतुसाच्या डब्यावरची लांबी जुळवून पाहा. कोरलेलं नसेल किंवा वाचता येत नसेल तर गनस्मिथकडून मोजून घ्या.

त्याच जागी प्रूफचे, म्हणजे नळी दाबाला तपासल्याचे, शिक्के असतात. नायट्रो (आजच्या बिनधुराच्या) दारूची खूण नसेल, किंवा नळीवर लाकडाच्या रेषांसारखी, साडीच्या बुट्ट्यांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली डमास्कस नळी असू शकते. तिच्यात आजची काडतुसं घालू नका. भिंतीवर शोभेल, तेवढं पुरे.

तपासून घ्या: घरात वीस बोअरचीही बंदूक आहे का? वीसचं काडतूस बारा बोअरमध्ये चेंबर ओलांडून पुढे सरकतं आणि तिथे अडकतं. चेंबर रिकामं दिसतं, माणूस बाराचं काडतूस घालतो आणि नळी हाताजवळ फाटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा.

## ५. सफाई: नेहमी मागून पुढे

१. कोरडी चिंधी एकदा मागून घालून पुढून काढा. सैल काजळी आणि धूळ निघते. ही पायरी गाळली की पुढे त्याच धुळीचा चिखल नळीभर पसरतो.

२. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी फिरवा आणि १०–१५ मिनिटं नळी आडवी ठेवून चहा घ्या. घाई करणारे इथेच फसतात. सॉल्व्हंटला काम करायला वेळ द्यायचा, जोर लावायचा नाही.

३. ब्रॉन्झ ब्रश दहा वेळा आरपार. नळीच्या मध्यात ब्रशची दिशा उलटी करू नका. तारा वाकतात, ब्रश अडकतो. बारा बोअरमध्ये चेंबरच्या पुढचा उतार आणि तोंडाकडचा अरुंद भाग, म्हणजे चोक, या दोन जागांवर जास्त लक्ष द्या. शिसं आणि प्लास्टिकच्या वॅडचे (दारू आणि छर्ऱ्यांमधल्या बुचाचे) पट्टे तिथेच चिकटतात. उजेडात ते राखाडी, चमकदार ओघळांसारखे दिसतात आणि लोक त्यांना 'नळीची चमक' समजतात.

४. चिंध्या बदलत राहा, पांढरी येईपर्यंत.

५. दोन कोरड्या चिंध्या.

६. आता तेल. एका चिंधीवर तीन-चार थेंब, एकदा आरपार. नळीत बोट घालून बाहेर काढल्यावर बोट चमकलं पाहिजे, ओलं झालं नाही पाहिजे.

बाहेरच्या बाजूला तेलाची चिंधी फिरवली की पुन्हा उघड्या बोटांनी नळीला हात लावू नका. लाकडाला धरून ठेवा. बोटांचे ठसे गंजाच्या रूपात आठवड्यात उमटतात, अगदी रेषांसकट. बिजागरीच्या आकड्याला मोहरीएवढं ग्रीस. टोकदार काडीनं एक्स्ट्रॅक्टरखालची (उडालेलं काडतूस बाहेर ओढणाऱ्या भागाखालची) काजळी काढा. तिथे कुणी बघत नाही, म्हणून गंज तिथूनच धरतो.

जुना गंज असेल तर त्या जागी तेल लावून २४ तास सोडा, मग तांब्याच्या नाण्याच्या कडेनं हळू खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ आहे, नळीचा निळसर रंग सहसा वाचतो. पॉलिश पेपर लावला की गंजाबरोबर रंगही जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ती उघडी जागा दुप्पट गंजते.

तिसऱ्या दिवसाची तपासणी: सफाईनंतर दोन दिवस सोडून पांढरी चिंधी पुन्हा आरपार घाला. तपकिरी आली तर आत गंज धरू लागला आहे. पायरी २ पासून सगळं पुन्हा. ही तपासणी न करताच लोक बंदूक चार महिन्यांसाठी बंद करतात.

## ६. मोठ्या बोअरच्या रायफलचं वेगळं काम

संस्थानी काळातली ३७५ मॅग्नम किंवा ४७० नायट्रो एक्सप्रेस काही घरांत वारशानं आली आहे. या जुन्या रायफलींनी ज्या काळातली काडतुसं उडवली, त्यांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठोक्यानं पेटणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड बनतं, म्हणजे मिठाचाच चुलत भाऊ. हवेतली ओल ते ओढून घेतं. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. जुनी काडतुसं वापरलेल्या रायफलला आजोबा उकळतं पाणी का घालत, हे नातवाला आता कळेल.

रीत: दुनळी रायफलच्या नळ्या सोडून, तोंड बादलीत धरून, मागून उकळतं पाणी, एका नळीला लिटरभर. बोल्टची रायफल असेल तर नरसाळ्याला रबरी नळी लावून थेट चेंबरमध्ये. लाकडात पाणी मुरता कामा नये. पाणी खळखळतं हवं, कारण तापलेली नळी स्वतःच सुकते. कोमट पाणी घालणं म्हणजे गंजाला आमंत्रण. लगेच कोरड्या चिंध्या, मग वरची नेहमीची सफाई.

दुसरं काम तांब्याचं. गोळीवरच्या तांब्याच्या आवरणाचा थर रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार, खाचांत बसतो. अमोनियाचं सॉल्व्हंट लावल्यावर चिंधी निळी-हिरवी येते. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ते नळीत ठेवू नका, आणि खिडकी उघडी ठेवा. एक फसवणूक लक्षात असू द्या: ब्रॉन्झच्या ब्रशमध्येही तांबं असतं, त्यामुळे ब्रश मारल्यावर चिंधी निळी येणारच. कितीतरी जण चकचकीत नळी दिवसभर घासत बसतात. तांबं तपासायचं तर ब्रश न वापरता, प्लास्टिकच्या टोकावरच्या चिंधीनं.

चेंबरच्या पुढे रायफलिंगच्या सुरुवातीला खाचा पुसट, मगरीच्या कातड्यासारख्या दिसल्या तर ती जुन्या कॉर्डाइट दारूची झीज आहे. ती घासून जात नाही. घासू नका.

## ७. दस्ता

अक्रोडाचा दस्ता कोरडा पडला असेल तर उकळलेलं जवसाचं तेल: तळहातावर चार थेंब, घासून घासून गरम करायचं, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून टाकायचं. दिवसाआड एक हात, असे चार-पाच हात. एकदम जाड थर दिला तर तो महिनाभर चिकट राहतो आणि त्याला गोधडीची लव चिकटते.

इशारा: जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून चिंधी आपोआप पेटते. पाण्यात बुडवा किंवा अंगणात पसरून वाळवा.

## ८. ठेवण

गवसणी फक्त प्रवासाला. चामडं, स्पंज, फ्लॅनेल ओल धरतात.

कपाट बाहेरच्या भिंतीला नको. जांभ्याची किंवा मातीची भिंत पावसाळाभर पाझरते. चार बोटं अंतर सोडा. आणि ज्या खोलीत युरिया, डीएपीची पोती आहेत ती खोली तर नकोच. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षवाल्यांच्या घरात औषधांची खोली ही कुलूप असलेली एकमेव खोली असते, म्हणून बंदूक तिथेच जाते, शेजारी मोरचूद आणि गंधक. मोरचुदाची धूळ ओल्या पोलादावर बसली की तिथे तांबूस थर धरतो आणि त्याखाली लोखंड खड्डे पडत खाल्लं जातं. हे नुकसान भरून येत नाही.

बंदूक तोंड खाली करून ठेवा, खाली नमदा किंवा कार्पेटचा तुकडा. तोंड वर ठेवलं की तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं; जुन्या दस्त्यांच्या चिरा बहुतेक तिथूनच सुरू होतात.

कपाटात अर्धा किलो सिलिका जेल, जाळीच्या पिशवीत. रंग बदलणारं घ्या. रंग बदलला की तव्यावर मंद आचेनं सुकवून परत ठेवा. हा तवा स्वयंपाकात परत आणू नका. वीज भरवशाची असेल तर कपाटाच्या तळाशी लाकडापासून लांब १५ वॉटचा बल्ब पुरतो.

नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा घालू नका. ओल धरतो, आणि कधीतरी तो काढायचा राहून जातो.

काडतुसं वेगळ्या कुलुपात, मूळ डब्यात. चामडी पट्ट्यात ठेवली की पितळेवर हिरवा चिकट थर येतो. त्यांना तेल लावू नका. तेल प्रायमरपर्यंत गेलं की ठोका पडतो, बार होत नाही. कागदी नळकांडी पावसाळ्यात फुगतात. फुगलेली, हिरवी पडलेली, जुनाट काडतुसं उडवून संपवायची नसतात, विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करून जमा करा.

## ९. खंडेनवमी आणि निवडणूक

पूजेला हळदकुंकू, झेंडू, पाण्याचा हात, सगळं यथासांग होऊ द्या. संध्याकाळी मात्र ओल्या फडक्यानं कुंकू काढून, कोरडं करून, तेलाची चिंधी फिरवा. सीमोल्लंघन करून येऊन मग बघू म्हटलं की दिवाळीला नळीवर फुलाच्या पाकळीचा ठसा सापडतो. हवेत बार काढायचा नाही. २०१९पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणुकीत शस्त्र जमा करायची नोटीस आली तर बंदूक कित्येक आठवडे तुमच्या हातात नसते. जमा करायच्या आदल्या दिवशी पूर्ण सफाई, नळीत आणि बाहेर ग्रीसचा पातळ हात, बंदुकीचा नंबर, दस्त्यावरचे ओरखडे आणि नळीची अवस्था दाखवणारे फोटो. गवसणी घरीच ठेवा, बंदूक सुती कापडात गुंडाळून द्या. पावतीवर नंबर बरोबर उतरला आहे का ते तिथेच उभं राहून वाचा.

## १०. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बाहेर काढताना

रिकामी असल्याची खात्री, मग मोडून नळीतून आभाळ पाहा. उजेडाचं पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कुंभारीण माशीला बोटभर रुंदीची नळी फार आवडते. उघड्या कपाटातल्या बंदुकीत ती आठवड्यात मातीचं घर बांधते, आणि तेवढी माती नळी फाडायला पुरते. माती दिसली तर मागून गजानं, ओल्या चिंधीनं बाहेर काढा, बार करून उडवायची नाही.

मग कोरडी चिंधी आरपार, सगळं तेल पुसून. फायरिंग पिनच्या भोकातून तेल पाझरत असेल तर बंदूक तोंड खाली करून रात्रभर कागदावर ठेवा आणि सकाळी कागद पाहा. डाग उमटला असेल तर अजून एक रात्र.

रेंजवर पहिलं काडतूस फुसकं गेलं तर नळी समोरच धरून ३० सेकंद थांबा, मग मोडा. आणि बार झाला पण आवाज बारीक आला, धक्का कमी बसला, तर दुसरं काडतूस घालायच्या आधी बंदूक रिकामी करून नळीतून पुन्हा आभाळ पाहा. वॅड किंवा गोळी आत अडकलेली असू शकते.